सुई पुन्हा कधी सुरू करायची?

कर्करोगाच्या माणसाचा एकच पाय सुजला की गावात पहिल्यांदा तेल तापवलं जातं. जवसाचं, नाहीतर तिळाचं. घरातली बाई रात्री उशिरापर्यंत पाय चोळत बसते, फडक्यात गरम वीट गुंडाळून शेकते. तिला कुणी दोष देऊ नये. दुखणाऱ्या माणसासाठी आपल्या हाताने करता येईल असं तिच्याजवळ तेवढंच उरलेलं असतं. पण त्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर चोळण्याने तिचा तुकडा सुटू शकतो. तो हृदयातून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकला, की सकाळी उठून अंगणात निघालेला माणूस उंबऱ्यातच कोसळतो. घरचे म्हणतात, हार्ट फेल झालं. शवविच्छेदन होत नाही, आणि कर्करोग होताच, म्हणून पुढे कुणी विचारतही नाही.

मी वर्धा जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करते. कर्करोगाचे रुग्ण माझ्याकडे कर्करोगासाठी येत नाहीत. त्यासाठी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. माझ्याकडे ते येतात ते दोन उपचारांच्या मधल्या काळात, काहीतरी बिघडलं म्हणून. दम लागला, ताप आला, पाय सुजला, संडासातून काळं पडलं. या मधल्या काळात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा रुग्ण कोणता, तर ज्याच्या शिरेत गुठळी आहे आणि त्याच वेळी कुठूनतरी रक्त जात आहे. एका दुखण्याचं औषध हे दुसऱ्या दुखण्याचं कारण. या लेखात मला फक्त याच माणसाबद्दल बोलायचं आहे.

कर्करोग आणि गुठळी यांचं नातं नवीन नाही. १८६५ मध्ये पॅरिसच्या आर्मां त्रूसो या वैद्याने ते आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडलं होतं. शिरा वारंवार, वेगवेगळ्या जागी सुजत असतील तर आत कुठेतरी कर्करोग लपला आहे का ते पाहा, असं त्याचं सांगणं होतं. दोनच वर्षांनी त्याच्या स्वतःच्या अंगावर तशी शीर सुजली. ती पाहून त्याने आपलं निदान आपणच केलं आणि १८६७ मध्ये तो जठराच्या कर्करोगाने गेला. आज आपल्याला यातली कारणं बरीच कळली आहेत. कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ स्वतःच तयार करतात. केमोने शिरांचं आतलं अस्तर दुखावतं. माणूस खाटेला लागतो, पाणी कमी पितो. ओटीपोटातली गाठ मांडीकडून येणाऱ्या शिरेवर दाब टाकते. स्वादुपिंड, जठर, फुप्फुस, अंडाशय आणि मेंदू इथल्या कर्करोगात हा धोका विशेष. केमो घेणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत खुद्द कर्करोगानंतर गुठळ्यांचा क्रमांक फार वर लागतो.

आणि याच माणसाला रक्तस्रावही होतो. आतड्यातली, जठरातली, गर्भाशयमुखाची गाठ वरून उघडी असते, भळभळत असते. केमोने प्लेटलेट खाली येतात. यकृतात रोग पसरला असेल तर रक्त गोठवणारी प्रथिनं कमी बनतात. मूत्रपिंडं थकलेली असली तर औषध अंगात साचतं. सेवाग्रामला जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालते. तिथे वर्षानुवर्षं दिसणारं चित्र आमच्या बाह्यरुग्ण विभागातही दिसतं. पुरुषांत तोंडाचा कर्करोग, जो तंबाखूच्या खर्‍याची देणगी आहे, आणि बायकांत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा. तोंडाच्या कर्करोगात गुठळ्या त्या मानाने कमी होतात, पण रोग मानेतल्या मोठ्या धमनीपर्यंत पोचला तर रक्तस्राव असा होतो की दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र दोन्ही संकटं एकाच बाईच्या वाट्याला येतात.

अशीच एक बाई. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. आर्वीकडची, पन्नाशीतली, मजुरी करणारी. अंगावरून रक्त जात होतं ते तिने बरेच महिने लपवलं. आली तेव्हा हिमोग्लोबिन सहा, आणि डावा पाय जांघेपासून घोट्यापर्यंत ताणून चकाकलेला. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी मांडीच्या शिरेतून वर ओटीपोटात गेलेली दिसली. आधी कुणीतरी रक्त थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या, ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या. रक्तस्रावाकडे पाहून दिलेलं ते औषध चूक नव्हतं. पायाकडे पाहता ते चालू ठेवणं मला धोक्याचं वाटलं, म्हणून ते बंद केलं आणि हेपारिनची तयारी करायला सांगितलं. तिचा मुलगा समोर उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मायचं रक्त थांबवासाठी आणलं तिले, अन् तुम्ही रक्त पातळ करायची सुई लावून राह्यले?"

याहून नेमका प्रश्न वैद्यकाच्या परीक्षेत मला कुणी विचारला नव्हता. त्याला मी पाय दाखवला, छातीपर्यंतचा रस्ता बोटाने दाखवला आणि सांगितलं की दोन्ही धोके खरे आहेत. रक्तस्राव आपल्याला दिसतो, मोजता येतो, रक्त भरून काढता येतं, आणि गाठीवर इलाज करून थांबवताही येतो. छातीत गेलेल्या गुठळीबाबत यातलं काहीच हातात राहत नाही. म्हणून आधी रक्तस्रावाला आवर घालायचा आणि त्याच वेळी गुठळीचं औषध अशा रूपात द्यायचं की वाटेल तेव्हा थांबवता यावं.

त्या अशा रूपाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी युक्ती तिथेच आहे. हेपारिनचा शोध १९१६ चा, आणि जुन्या पद्धतीने सलाइनमधून थेंबाथेंबाने दिलं जाणारं हेपारिन आज बरेच तरुण डॉक्टर वापरतही नाहीत. दर सहा तासांनी रक्त तपासावं लागतं, ठिबकीचा वेग सारखा बदलावा लागतो, रात्रपाळीच्या सिस्टरला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. त्याहून सोयीची इंजेक्शनं आणि गोळ्या आल्या आहेत. पण रक्तस्रावाची भीती असलेल्या माणसात या जुन्या औषधाचा एक गुण अजून कुणाकडे नाही. ठिबक बंद केली की तास-दीड तासात त्याचा असर निम्म्यावर येतो, आणि गरज पडलीच तर प्रोटॅमीन नावाचा उतारा हाताशी असतो. त्या बाईला पॅकिंग केलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या, रक्तस्राव थांबवण्यापुरतं रेडिएशन तातडीने सुरू करवलं. रेडिएशनचे पहिले काही डोस झाले की गाठ कोरडी पडू लागते. तेवढे दिवस ती हेपारिनच्या ठिबकीवर होती. एका रात्री रक्त वाढलं, ठिबक थांबवली, पहाटे कमी वेगाने परत सुरू केली. नंतर पोटावर घ्यायच्या एनॉक्सापॅरिनच्या सुईवर तिला आणलं. तिचं रेडिएशन पूर्ण झालं आणि पाय हळूहळू उतरला. पुढे ती गेली ती कर्करोगानेच, पण त्याआधी घरी राहून, स्वतःच्या पायांवर चालून.

रक्तस्राव मुळीच आटोक्यात आला नसता तर? तर पोटातल्या मोठ्या शिरेत जाळी बसवायचा विचार करावा लागला असता. पायातून सुटलेला तुकडा ती जाळी वाटेत अडवते. मात्र जाळी गुठळी विरघळवत नाही, नवी गुठळी थांबवत नाही, उलट जास्त दिवस राहिली तर तिच्यावरच गुठळी धरू शकते. म्हणून ती ठरावीक मुदतीने काढायची असते. गुठळी ताजी आणि मोठ्या शिरेतली आहे, औषध देणं पूर्णपणे अशक्य आहे, अशा मोजक्या रुग्णांसाठीच ती आहे. बसवून घेऊन गावी गेलेला रुग्ण काढायला परत आला का, हे कुणीतरी पाहायला हवं. ते पाहणारं माणूस ठरलेलं नसेल तर मी जाळीचा आग्रह धरत नाही.

अशा रुग्णांकडे पाहता पाहता माझं एक मत पक्कं झालं आहे. औषध द्यायचं की नाही, हा प्रश्न आपण चुकीच्या रूपात विचारतो. प्रश्न काळाचा आहे. पायातल्या मोठ्या शिरेत ताजी गुठळी झाली आणि औषध थांबवलं, तर पहिल्या महिन्यात ती पुन्हा होण्याचा धोका सुमारे ४० टक्के, आणि पुढच्या दोन महिन्यांत मिळून १० टक्क्यांच्या आसपास, असा एक जुना पण अजूनही उपयोगी अंदाज आहे. म्हणजे पहिले तीस दिवस हे गुठळीचे दिवस. रक्तस्रावाचेही आपले दिवस असतात. केमोनंतर प्लेटलेट साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी तळाला जातात आणि मग चढतात. उघडी गाठ रेडिएशनने कोरडी पडते. ऑपरेशनची जखम भरते. दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लावून पाहावीत तसं हे आहे. दोन्हीकडचे लाल दिवस एकाच आठवड्यात आले तर रुग्णाला वॉर्डात ठेवा. वेगळे पडले तर वाट निघते.

प्लेटलेटच्या बाबतीत जगभरच्या तज्ज्ञांनी काही आकडे ठरवले आहेत. ५० हजारांच्या वर असतील तर पूर्ण डोस. त्याखाली असतील आणि गुठळी नुकतीच झालेली असेल, तर बाहेरून प्लेटलेट देऊन ५० हजारांच्या वर ठेवा आणि पूर्ण डोस द्या. महिना उलटून गेला असेल तर २५ ते ५० हजारांच्या दरम्यान निम्मा किंवा त्याहून कमी डोस पुरतो, आणि २५ हजारांखाली थांबा. ही वाक्यं कागदावर सरळ दिसतात. पण प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते आणि ती सतत हलवत ठेवावी लागते. ती अनेकदा नागपूरहून आणावी लागते, म्हणजे रक्तदाता शोधा, गाडी करा, पाऊणशे किलोमीटर जा आणि या. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका कॉलेजातल्या मुलाच्या दंडात केमोच्या नळीभोवती गुठळी धरली होती, प्लेटलेट १८ हजार. त्याचे मित्र आळीपाळीने रक्तदान करायला जात होते. त्याच्या बाबतीत नळीच काढून टाकली आणि प्लेटलेट चढेपर्यंत औषधाविना थांबलो. हातातली, नळीमुळे झालेली गुठळी मांडीतल्या गुठळीपेक्षा कमी घातक असते, म्हणून ते शक्य झालं. पोटरीतल्या लहान शिरेत गुठळी असेल तेव्हाही असंच करता येतं. आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करायची आणि ती वर सरकत नाही ना ते पाहायचं.

मग संशोधन काय सांगतं, असं कुणी विचारेल. संशोधन पुष्कळ आहे आणि ते वाचणं माझं कर्तव्य आहे. बराच काळ गुठळीवर वॉरफरिन किंवा आपल्याकडे अ‍ॅसिट्रोम या नावाने ओळखलं जाणारं त्याचं भावंड, एवढंच गोळीचं औषध होतं. या औषधांचा जन्म गोठ्यात झाला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बुरशी लागलेला वाळलेला चारा खाऊन गायी रक्तस्रावाने मरत होत्या. १९३३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन गाडीत टाकून मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे त्या चाऱ्यातला रक्त गोठू न देणारा पदार्थ शोधून काढला. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण आपल्या जनावराचं रक्त का गोठत नाही हे विचारायला निघालेल्या शेतकऱ्याचा त्या औषधावर पहिला हक्क आहे असं मला वाटतं. पण कर्करोगाच्या रुग्णात वॉरफरिन नीट बसत नाही. जेवण कमीजास्त, उलट्या, केमोच्या इतर औषधांशी भांडण, आणि रक्त किती पातळ झालं हे पाहायला दर आठवड्याला आयएनआरची तपासणी. २००३ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं की डाल्टेपॅरिन हे रोजचं इंजेक्शन दिलं तर सहा महिन्यांत ९ टक्के रुग्णांना पुन्हा गुठळी झाली, गोळ्यांवर १७ टक्क्यांना. रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. तेव्हापासून इंजेक्शन हाच कर्करोगातला पहिला उपाय झाला.

नंतर नव्या गोळ्या आल्या. २०१८ मध्ये एडॉक्साबॅनच्या चाचणीत मोठा रक्तस्राव ६.९ टक्के रुग्णांना झाला, इंजेक्शनवर ४ टक्के. हा जास्तीचा रक्तस्राव मुख्यतः जठर-आतड्याच्या कर्करोगात होता. २०२० मध्ये अपिक्साबॅनच्या चाचणीत मात्र रक्तस्राव इंजेक्शनइतकाच, ३.८ विरुद्ध ४ टक्के. म्हणून जठरात किंवा आतड्यात गाठ तशीच असेल तर मी सुईच पसंत करते, आणि गोळी द्यायचीच झाली तर अपिक्साबॅन. स्तनाच्या कर्करोगाच्या, प्लेटलेट उत्तम असलेल्या बाईला रोज टोचत बसण्याचं कारण नाही, तिला गोळी द्या. २०२५ मध्ये आणखी एक दिलासा देणारी चाचणी प्रसिद्ध झाली. निदान सहा महिने उपचार झालेल्या कर्करुग्णांना अपिक्साबॅनचा निम्मा डोस पुढे चालू ठेवला, तर गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि दखल घ्यावी असा रक्तस्राव १५.६ वरून १२.१ टक्क्यांवर आला. ज्यांना वर्षानुवर्षं औषध घ्यायचं आहे त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण या सगळ्या चाचण्या वाचताना एक गोष्ट मनाला टोचते. चाचणीत कुणाला घेतलं नाही, त्याची यादी प्रत्येक लेखात असते. प्लेटलेट फार कमी असलेले नाहीत. नुकताच रक्तस्राव झालेले नाहीत. मूत्रपिंड बिघडलेले नाहीत. अपिक्साबॅनच्या चाचणीत मेंदूत गाठ असलेले आणि तीव्र रक्तकर्करोगाचे रुग्णही नाहीत. संशोधकांचं बरोबर आहे, धोका असलेल्या माणसावर प्रयोग करू नये. पण मग ज्या बाईबद्दल मी वर सांगितलं ती कोणत्याच चाचणीत नव्हती. प्रश्न जिथे सगळ्यात अवघड, तिथेच पुरावा सगळ्यात कमी. अशा वेळी मार्गदर्शक सूचना बोट धरून थोडं अंतर नेतात आणि मग सोडून देतात. पुढचा रस्ता रुग्णाजवळ बसूनच काढावा लागतो, आणि तसा काढला हे रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावं लागतं.

आमच्या जिल्ह्यात हा रस्ता घराच्या दारातून जातो. एनॉक्सापॅरिनचा डोस वजनावर असतो, किलोला एक मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. कर्करोगाच्या माणसाचं वजन दर महिन्याला उतरतं. पहिल्या दिवशी लिहिलेले ६० मिलिग्रॅम तिसऱ्या महिन्यात ४५ किलोच्या माणसाला चालूच असतात, कारण मधे कुणी काट्यावर उभंच केलेलं नसतं. मूत्रपिंडाची तपासणी राहून जाते. औषध २५ अंशांखाली ठेवा असं खोक्यावर छापलेलं असतं आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर असतो. माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्याजवळ डबा ठेवायला आम्ही सांगतो. त्यातल्या त्यात बरं. सुई टोचायची कुणी? सून शिकते, कधी दहावीतली नात शिकते, आणि पोरीबाळी फार नीट शिकतात हा माझा अनुभव आहे. जिथे कुणी नाही तिथे आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टर कामाच्या पलीकडे जाऊन हे करतात.

आणि पैसा. केमो, ऑपरेशन, रेडिएशन सरकारी विम्याच्या पॅकेजात बसतं. घरी महिनोन्‌महिने घ्यायची सुई बहुतेक वेळा बसत नाही. एनॉक्सापॅरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तरीही रोजच्या दोन सुया म्हणजे मजुराच्या दिवसाच्या कमाईला मोठं भगदाड. म्हणून घरी काय होतं? दोनाऐवजी एक घेतली जाते. किंवा एक दिवसाआड. हे कुणी सांगत नाही, विचारावं लागतं, आणि रागावून विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. पेटंटची मुदत संपल्यावर अपिक्साबॅन आणि रिव्हरॉक्सॅबॅनच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, त्यांनी हे ओझं बरंच हलकं केलं. या जिल्ह्यात खर्चाचा विचार हा उपचाराचाच भाग मानण्याची एक जुनी वहिवाट आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला खेड्यासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. तिथल्याच डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांनी ज्वारी जमा करून आरोग्य विमा चालवावा अशी योजना आसपासच्या गावांत रुजवली. माझ्या मते रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाला परवडत नाही ते औषध लिहिणं ही केवळ अव्यवहार्य गोष्ट नाही, ते वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं आहे. कारण अर्धवट घेतलेल्या औषधाने गुठळी होते ती होतेच.

भीतीपोटी कमी केलेल्या डोसबद्दलही हेच म्हणेन. रुग्ण अशक्त आहे, म्हातारा आहे, म्हणून अंदाजाने निम्मा डोस देण्याची सवय आमच्या पेशात आहे. प्लेटलेट पाहून, दिवस मोजून कमी केलेला डोस आणि उगीच हात आखडून कमी केलेला डोस यांत फार फरक आहे. पहिल्यात कागदावर कारण असतं आणि पुढची तारीख असते. दुसऱ्यात दोन्ही नसतं.

तारखेच्या अभावी काय होतं ते हिंगणघाटकडच्या एका गृहस्थांच्या बाबतीत पाहिलं. मोठ्या आतड्याचा कर्करोग, मांडीत गुठळी, सुया व्यवस्थित चालू. एका ठिकाणी तुकडा काढून तपासायचा होता, म्हणून त्यांना सुई थांबवायला सांगितलं गेलं. ते योग्यच होतं. तपासणी झाली, ते घरी आले. सुई परत कधी सुरू करायची हे कुणी सांगितलं नाही, डिस्चार्ज कार्डावरही नव्हतं. घरच्यांना वाटलं, डॉक्टरांनी बंद केली म्हणजे आता गरज नसेल. जवळपास तीन आठवड्यांनी ते माझ्याकडे आले ते दम लागून, आणि आयसीयूत दुसऱ्या दिवशी गेले. त्यांना कुणी चुकीचं औषध दिलं नव्हतं. फक्त एक ओळ लिहायची राहिली होती.

आणि थांबवणं हाही कधी कधी योग्य उपचार असतो, तो तितक्याच स्पष्टपणे करायला हवा. रोग शेवटाला आला आहे, माणूस अंथरुणातून उठत नाही, पोटावर टोचायला जागा उरली नाही, जिथे टोचावं तिथे काळंनिळं होतं आहे. अशा वेळी सुई कुणासाठी चालू ठेवायची? एका म्हाताऱ्या बाबांनी मला हात जोडून म्हटलं होतं, "आता टोचू नका बाई. पायाची आग तेवढी कमी करा." आम्ही सुई बंद केली, मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, पायाखाली उशी ठेवली. घरच्यांना सांगितलं की गुठळी वाढू शकते, आणि तरीही हेच बरं. कुणी हरकत घेतली नाही. नीट सांगितलं तर हरकत घेत नाहीत.

रक्तस्राव न वाढवता गुठळी रोखेल असं औषध शोधणं सुरू आहे. रक्त गोठण्याच्या साखळीत अकरावा घटक असा आहे की तो जन्मतः कमी असलेल्या माणसांना मोठा रक्तस्राव सहसा होत नाही. त्या घटकाला आवर घालणारी अबेलासिमॅबसारखी औषधं कर्करोगाच्या रुग्णांत तपासली जात आहेत, महिन्यातून एकदा घेण्यासारखी. ती आली आणि परवडली तर या लेखातला अर्धा भाग जुना होईल, आणि मला त्याचा आनंदच होईल. तोपर्यंत आहे त्याच्यातच काम करायचं आहे.

माझ्या सहकारी डॉक्टरांना एक विनंती आहे. कर्करोगाच्या रुग्णाची रक्त पातळ करायची सुई किंवा गोळी कुठल्याही कारणाने थांबवली, दात काढायला असो, पोटातलं पाणी काढायला असो की प्लेटलेट घसरल्या म्हणून असो, तर त्याच कागदावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहा: का थांबवली, कोणत्या तारखेला आणि कोणत्या आकड्यावर परत सुरू करायची, आणि शंका आली तर कुणाला फोन करायचा. त्या दिवशीचं वजनही लिहा. आणि घरी रुग्ण असलेल्या वाचकांना सांगते. एकच पाय सुजला तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर रात्र असली तरी निघा. सुई चालू असताना संडास डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, डोकं असह्य दुखायला लागलं, तर पुढची सुई टोचू नका आणि लगेच दाखवा. आणि सुई बंद करून कुणी घरी पाठवत असेल, तर निघण्याआधी विचारा की परत कधी सुरू करायची. उत्तर लिहून मिळाल्याशिवाय उठू नका.